शिकाऱ्यांची युनियन

गेल्या वीकएंडला रत्नागिरीला गेलो होतो. घरात माजघराच्या भिंतीवर दोन रिकाम्या खुंट्या आहेत, तिथे पूर्वी आजोबांची ठासणीची बंदूक असायची. काका (वय ऐंशीच्या पुढे) त्यांच्या लहानपणीच्या हाक्याच्या गोष्टी सांगत बसले. डुकराला पहिला बार ज्याचा लागला त्याला जादा वाटा, बाकी हाकाऱ्यांना सारखा, कुत्री आणणाऱ्यालाही थोडं. मी विचारलं, "आणि डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरलं तर?"

"ज्याचा बार, त्यानंच आत जायचं. पोरांना पुढे घालायचं नाही."

मी चमकलोच. कारण हाच नियम मी थोडे दिवस आधी वाचला होता, पण नैरोबीतल्या लोकांचा!

म्हणजे बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत श्रीमंत अमेरिकन-युरोपियन पाहुण्यांना शिकारीला नेणं हा चक्क धंदा झाला होता. मग मोटारी आल्या आणि लोक बसल्या जागेवरून सिंह मारू लागले. डेनिस फिंच हॅटन स्वतः व्यावसायिक शिकारी, तरी 1920 च्या दशकाच्या शेवटी त्याने याविरुद्ध लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आवाज उठवला. शिवाय बंदूक आहे म्हणून कोणीही स्वतःला वाटाड्या म्हणवून घ्यायचा. त्यात गिऱ्हाइकाचा जीव जायचा आणि नाव सगळ्यांचंच खराब व्हायचं.

शेवटी 1934 साली नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात जमून या मंडळींनी 'ईस्ट आफ्रिकन प्रोफेशनल हंटर्स असोसिएशन' काढली. अध्यक्ष फिलिप पर्सिव्हल. लॅटिनमधलं ब्रीदवाक्य, अर्थ साधारण असा: भीती नको, आणि आततायीपणाही नको. जखमी जनावर सोडून परत यायचं नाही, गिऱ्हाइकाने अर्धवट मारलेल्याची जबाबदारी शिकाऱ्याची, वगैरे. आमच्या धंद्यात स्टँडर्ड ठरवायला कमिट्या बसतात, तसंच काहीसं. एक गोष्ट मात्र खटकते. माग काढणारे, जाळीत सोबत शिरणारे आफ्रिकन लोक या यादीत जवळपास नव्हतेच.

आता आपल्याकडे या. रत्नागिरीत हा धंदा कधी नव्हता, पण नागपुरात होता. विद्याचरण शुक्ल (हो, तेच, आणीबाणीतले नभोवाणी मंत्री) यांनी 1950 च्या दशकात राजकारणात येण्याआधी तिथे 'ऑलविन कूपर' नावाची कंपनी काढली होती. काम काय, तर परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात वाघाच्या शिकारीला नेणं. जंगलाचे ब्लॉक पाडलेले, ठराविक मुदतीचं परमिट, मचाण, रेडकू बांधणं, हाका, तंबूतलं जेवण, सगळं पॅकेज! नियम होते, पण ते वनखात्याचे. धंद्याची बाजू मांडताना सांगायचं काय, तर परकीय चलन मिळतं.

ही बाजू फार टिकली नाही. 1969 मध्ये दिल्लीत आययूसीएनची मोठी सभा झाली, तिथे वाघाची चिंता जगापुढे आली. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी, 1972 साली वन्यजीव कायदा. त्याच वर्षीच्या गणतीत देशात वाघ उरले होते 1827. या आकड्यापुढे डॉलरचा हिशोब कोण ऐकणार?

मग वाटतं, यांनीही नैरोबीसारखी स्वतःची शिस्त लावून घेतली असती तर? तर काही नाही. 1977 मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि ती नामांकित असोसिएशनसुद्धा त्याच वर्षी विसर्जित झाली. जनावरं संपत आली की ब्रीदवाक्य कामाला येत नाही.

पुढच्याच वर्षी, 1978 ला, दक्षिण आफ्रिकेत अशीच संघटना उभी राहिली. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह मारणाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही, असं तिने 2015 मध्ये ठरवलं. 2017 मध्ये मतदान घेऊन तो निर्णय फिरवला, आणि नाराज सभासदांनी वेगळी चूल मांडली. स्वतःचे नियम स्वतः लिहिणाऱ्यांना ते खोडताही येतात!

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पिंजऱ्यातला? मग जाळीत कोण शिरतो?"

रात्री परसात डुकरं आली होती. सकाळी सुरणाचा वाफा उकरलेला.