भीतीने बांधलेले आरमार

शस्त्रस्पर्धा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. मला मात्र आधी आठवते ती एक युद्धनौका. १० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्ट्समथच्या गोदीत राजे सातवे एडवर्ड यांनी तिचं जलावतरण केलं. नाव ‘ड्रेडनॉट’. बारा इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइनं आणि ताशी २१ सागरी मैलांचा वेग. तोवरच्या बड्या युद्धनौकांवर अशा मोठ्या तोफा साधारण चारच असत.

सगळ्यात बलाढ्य आरमार ब्रिटनकडेच होतं. मग हा खटाटोप कशासाठी? कारण या एका नौकेने जगातल्या सगळ्या जुन्या युद्धनौका एका दिवसात शिळ्या करून टाकल्या, आणि त्यांत सर्वाधिक नौका ब्रिटनच्याच होत्या! आरमारप्रमुख जॉन फिशर यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण अशी नौका बांधण्याचा विचार अमेरिका आणि जपानमध्येही चालू होता. आपण नाही बांधली तर दुसरा बांधणारच, हे त्यांचं गणित. मला वाटतं, शस्त्रस्पर्धेचं मूळ या एका वाक्यात आहे.

जर्मनीच्या टिरपिट्झ यांचं गणित वेगळं. ब्रिटनला हरवता आलं नाही तरी चालेल, पण आपल्याशी लढणं त्याला परवडू नये, एवढं आरमार त्यांना हवं होतं. ज्या देशाचं अन्नधान्य बोटींनी येतं, त्याला यात गळफास दिसला तर नवल नाही. जर्मनीनेही ड्रेडनॉट बांधायला घेतल्या. त्या कील कालव्यात मावेनात, म्हणून १९०७ पासून कालवाच रुंद करायला घेतला. ते काम १९१४ च्या जूनमध्ये पुरं झालं.

१९०९ मध्ये लंडनमध्ये एकच घबराट उडाली. जर्मनी गुपचूप जादा नौका बांधतोय, क्रुप कंपनी तोफांचे साठे करतेय, अशा वार्ता होत्या. क्रुपची वार्ता सरकारला पुरवणारे मलिनर स्वतः तोफा बनवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते, हे जाता जाता सांगायला हवं! आरमार खात्याने सहा नौका मागितल्या, काटकसरवाले चार द्यायला तयार होते आणि तडजोड आठवर झाली, अशी कोपरखळी चर्चिल यांनी पुढे मारली. जर्मनीबद्दलचे ते अंदाज फुगवलेले निघाले. पण ते कळेपर्यंत नौका बांधायला घेतल्या होत्या.

पैसा कुठून आणायचा? वृद्धांचं पेन्शन आणि या नौका दोन्हींसाठी लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर कर बसवले. उमरावांच्या सभागृहाने तो अर्थसंकल्प फेटाळला आणि १९१० मध्ये ब्रिटनला दोन निवडणुका घ्याव्या लागल्या. तिकडे जर्मनीत वारसा करावरून चॅन्सेलर ब्यूलो यांचं बहुमत फुटलं आणि १९०९ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

१९१२ मध्ये ब्रिटनचे हॉल्डेन बर्लिनला जाऊन आले. युद्ध झालंच तर ब्रिटनने तटस्थ राहावं, असं वचन जर्मनीला हवं होतं. ते मिळेना, बोलणी फिसकटली.

मे १९१६ च्या अखेरीस जटलंडला दोन्ही आरमारं भिडली, तेव्हा मूळ ‘ड्रेडनॉट’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. तिने शत्रूची एकच नौका बुडवली, ती १९१५ च्या मार्चमध्ये. ती होती एक पाणबुडी. तीही तोफांनी नव्हे, अंगावर जाऊन धडक मारून.