मोत्यांचा देश आणि मेदाचा रोग

कुवेतचा अरब पाणबुड्या उन्हाळ्याचे चार महिने समुद्रात बुड्या मारी, तो दिवसभर थोड्या खजुरावर व कॉफीवर. भात-मासळी मिळे ती रात्री. (ते मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि आपल्याकडचा तांदूळ तिकडे जाई!) १९३८ साली बुरगानला तेल लागले, १९४६ पासून ते परदेशी जाऊ लागले. दोन पिढ्यांत अंगमेहनत संपली. मोटार आली, साखर आली. आज तेथे तीन प्रौढांत एकाहून अधिक स्थूल आहेत; मागोमाग मधुमेह नि हृद्रोग आलेच. याला खादाडपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाहुण्यापुढे परात शिगोशीग भरायची, हा वाळवंटातला जुना रिवाज; उपाशी वाटसरूचा जीव त्यानेच वाचत असे.