ईथर हरवला, पट्टे उरले

१९१३ साली पॅरिसमध्ये जॉर्ज सान्याक यांनी एक फिरतं टेबल तयार केलं. त्यांना सिद्ध करायचं होतं की अवकाशात ‘ईथर’ नावाचं माध्यम भरलेलं आहे आणि प्रकाश त्यातूनच जातो. ईथरची गरजच नाही, असं आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलं होतं. सान्याकना ते पटलं नव्हतं.

टेबलावर चहूकडे आरसे होते. प्रकाशाचा एक किरण दुभंगून एकाच वाटेनं उलटसुलट दिशांना धाडला आणि पुन्हा एकत्र आणला, की उजेड-अंधाराचे पट्टे दिसत. टेबल फिरू लागलं तसे पट्टे सरकले. गोल ट्रॅकवर दोन धावपटू उलट दिशांना निघालेत आणि ते पळत असतानाच शेवटची रेषा पुढे सरकली, तर एकाला थोडं जास्त पळावं लागेल. तसंच इथे झालं.

ईथर सापडला, असं सान्याकनी जाहीर केलं. पण माक्स फॉन लाउए यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं की फिरत्या उपकरणात ईथर मानला काय, सापेक्षता मानली काय, पट्टे सरकणारच. म्हणजे हा प्रयोग त्या भांडणाचा निकाल देऊच शकत नव्हता. फिरणं मात्र तो बिनचूक ओळखत होता.

१९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी शिकागोजवळ पृथ्वीलाच टेबल बनवलं. सुमारे ६१२ बाय ३३९ मीटरच्या आयतात नळ टाकले, आतली हवा उपसली आणि किरण सोडले. पट्टा ०.२३६ इतका सरकायला हवा होता, सरकला ०.२३०. पृथ्वीचं फिरणं मोजलं गेलं, पण शेताएवढं यंत्र विमानात कोण ठेवणार?

उत्तर लेसरनं दिलं. १९६३ मध्ये स्पेरी कंपनीत मासेक आणि डेव्हिस यांनी आरशांच्या चौकोनातच लेसर खेळवला. चौकोन फिरला की दोन्ही किरणांच्या वारंवारतेत फरक पडतो. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात लाटा येतात, तशा लाटा इथे प्रकाशात येतात. त्या मोजायच्या, बस्स.

अडचण एकच होती. यंत्र फार हळू फिरलं तर आरशांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे दोन्ही किरण एकमेकांना चिकटत आणि आकडा शून्य येई. त्यावर तोडगा म्हणून यंत्रच सतत बारीक थरथरत ठेवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग ७५७ आणि ७६७ विमानं असे जायरोस्कोप घेऊन उडू लागली. ढगात क्षितिज दिसेनासं झालं तरी विमान किती वळलं, हे वैमानिकाला कळतं.

तुमच्या फोनमधला जायरोस्कोप वेगळा. त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा थरथरतो. पण जर्मनीत व्हेट्सेल इथे जमिनीखाली चार बाय चार मीटरचा लेसर-चौकोन आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यात सेकंदाला सुमारे ३४८ लाटा येतात. दिवस काही मिलिसेकंदांनी लांबला-आखडला, तरी २०२३ पर्यंत त्याला ते कळू लागलं होतं.

सान्याक १९२८ साली वारले, लेसर यायच्या ३२ वर्षं आधी. त्यांनी काढलेला अर्थ टिकला नाही. पण त्यांनी पट्टे प्रामाणिकपणे टिपले होते, आणि पुढचं सगळं त्यांवरच उभं राहिलं.