जायफळासाठी उजाडलेली बेटं

पुरणात किंवा श्रीखंडात जायफळ किसताना ते कुठल्या मातीतून आलं, हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही ते पिकतं. पण सोळाव्या-सतराव्या शतकात जगाच्या बाजारात येणारं जायफळ आणि जायपत्री एकाच जागेहून यायची. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातली बांडा बेटं ही ती जागा. लोंथोर, नैरा, आय, रन अशी चिमुकली बेटं आणि शेजारी गुनुंग आपी हा ज्वालामुखी. त्याच्या राखेने कसदार झालेल्या जमिनीत, केनारीच्या उंच झाडांच्या सावलीत जायफळ वाढायचं.

या बेटांवर सुमारे १५ हजार माणसं राहत होती. त्यांना राजा नव्हता. गावोगावचे प्रतिष्ठित, सधन वडीलधारे, म्हणजे ‘ओरांग काया’, एकत्र बसून निर्णय घेत. बांडाचे लोक मुरलेले दर्यावर्दी व्यापारी होते. त्यांची गलबतं मलाक्क्यापर्यंत जात. बेटांवर धान्य पुरेसं पिकत नसे. जावाचे व्यापारी तांदूळ आणत, आसपासच्या बेटांवरून साबुदाणा येई, गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड येई. त्या बदल्यात जायफळ जाई. शेकडो वर्षं चालत आलेल्या या देवघेवीवरच बेटांवरची चूल पेटत होती.

युरोपात हेच जायफळ कितीतरी हात बदलून, व्हेनिसच्या पेढ्यांमार्फत पोचायचं आणि मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकलं जायचं. प्लेगवर ते उतारा आहे, अशीही तिथे समजूत होती. मधले सगळे हात टाळून थेट झाडापर्यंत पोचायचं, ही ओढ पोर्तुगिजांना पूर्वेकडे घेऊन आली. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि १५१२ मध्ये त्याची जहाजं बांडाला लागली. पोर्तुगीज तिथे खरेदी करत राहिले, पण बेटांवर हुकमत त्यांना मिळवता आली नाही.

१५९९ मध्ये डच आले. तीन वर्षांनी त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. तिला सरकारने केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता दिला. शिवाय किल्ले बांधायचा, तह करायचा आणि लढाई करायचाही अधिकार दिला. कोकणात वेंगुर्ल्याला वखार घालणारी कंपनी हीच. भागधारकांना नफा देणं हे तिचं उद्दिष्ट होतं, आणि जायफळाचा भाव चढा ठेवायचा तर ते दुसऱ्या कुणाच्याही हाती पडता कामा नये, हा तिचा हिशेब होता.

त्यासाठी कंपनीने करार पुढे केले. काही ओरांग कायांनी त्यांवर संमती दिली, बाकीच्यांनी दिली नाही. सगळं जायफळ फक्त डचांना, त्यांनी ठरवलेल्या भावाने विकायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. पण डच जहाजं आणत ते लोकरीचं कापड आणि मखमल. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात त्यांचा काय उपयोग? जावाचा तांदूळवाला व्यापारी बंद करणं म्हणजे उपाशी मरणं. बांडाचे लोक पूर्वीसारखेच सगळ्यांना जायफळ विकत राहिले, आय आणि रन या बेटांवर इंग्रजांशीही त्यांनी संधान बांधलं. डचांच्या दप्तरात याची नोंद ‘करारभंग’ अशी झाली. पुढे जे घडलं त्याचं समर्थन या एका आरोपावर उभं केलं गेलं.

१६०९ मध्ये डच सरदार फेरहूफेन नैरा बेटावर परवानगी नसताना किल्ला बांधू लागला. बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून बांडाच्या लोकांनी त्याला आणि त्याच्या अनेक सोबत्यांना ठार केलं. त्या मोहिमेत यान पीटर्सझोन कून नावाचा तरुण व्यापारी होता. युद्धाशिवाय व्यापार टिकत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध चालत नाही, असं त्याने पुढे १६१४ मध्ये कंपनीच्या संचालकांना कळवलं. काही वर्षांतच तो कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला.

१६२१ च्या सुरुवातीला कून मोठं आरमार, दीड हजारांहून जास्त सैनिक आणि जपानी भाडोत्री लढवय्ये घेऊन बांडाला आला. लोंथोर काही दिवसांत पडलं. ओरांग काया तहाला आले. शस्त्रं द्यायचं, तटबंदी पाडायचं त्यांनी कबूल केलं. तणाव तरीही निवळला नाही. एप्रिलमधल्या एका रात्री सेलामोन गावात, डच अधिकाऱ्यांनी मुक्कामासाठी बळकावलेल्या मशिदीत एक दिवा पडला. हा हल्ल्याचा इशारा आहे असं समजून शिपायांनी अंधारात गोळीबार सुरू केला. मग गावं जाळली गेली. माणसं डोंगरावर पळाली, तिथे उपासमारीने मेली, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या. ८ मे रोजी नैराच्या नासाऊ किल्ल्यापाशी बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग कायांना कोंडून जपानी लढवय्यांकरवी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. हे पाहणाऱ्या एका डच अधिकाऱ्यानेच त्याविषयी उद्वेगाने लिहून ठेवलं आहे.

सुमारे आठशे माणसं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेली गेली. कित्येक जण होड्यांतून केई बेटांकडे निसटले. मूळच्या १५ हजारांपैकी जेमतेम हजारभर लोक बांडावर उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

रिकाम्या झालेल्या जमिनीचे कंपनीने ६८ तुकडे पाडले आणि ते डच बागायतदारांना दिले. राबायला आशियाच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून गुलाम आणले. त्यांत भारताच्या किनाऱ्यावरून नेलेली माणसंही होती. जायफळाची निगा कशी राखायची, हे शिकवायला वाचलेल्या बांडावासीयांपैकीच काहींना गुलाम म्हणून जुंपलं. बी दुसरीकडे रुजू नये म्हणून निर्यातीच्या जायफळाला चुना फासला जाई.

१६६७ च्या ब्रेडाच्या तहाने इंग्रजांनी रन बेटावरचा दावा सोडला आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. ही अदलाबदल आज गमतीदार माहिती म्हणून सांगितली जाते. ज्यांचं बेट होतं त्यांच्यापैकी कुणी त्या वाटाघाटीत नव्हतं.

इतकं करून जपलेला मक्ताही टिकला नाही. पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने १७७० च्या सुमारास जायफळाची रोपं मॉरिशसला पोचवली. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत बांडा ताब्यात आल्यावर इंग्रजांनी ती पेनांग आणि श्रीलंकेत नेली. पुढे ग्रेनाडात जायफळ इतकं रुजलं की त्या देशाच्या झेंड्यावर आज त्याचं चित्र आहे. कंपनी १७९९ मध्ये संपली. गुलामगिरी मात्र डच ईस्ट इंडीजमध्ये १८६० पर्यंत कायदेशीर होती.

बांडाची मूळ भाषा आज बांडावर कुणी बोलत नाही. ती ऐकू येते केई बेटांवरच्या बांडा एली आणि बांडा एलात या गावांत, १६२१ मध्ये पळून गेलेल्यांच्या वंशजांच्या तोंडी. नेदरलँड्समध्ये कूनच्या जन्मगावी, होर्नमध्ये, १८९३ साली उभारलेला त्याचा पुतळा अजून आहे. नागरिकांच्या विरोधानंतर तिथल्या फलकावर बांडाच्या हत्याकांडाचा उल्लेख आला.

आपल्या शाळांत १४५३, कॉन्स्टँटिनोपल, मसाल्यांचा व्यापार आणि नव्या सागरी मार्गांचा शोध हे सगळं शिकवलं जातं. तो मार्ग जिथे जाऊन थांबला त्या बेटांचं काय झालं, याची एक ओळही त्या धड्यात नसते. मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास शिकवायचा असेल, तर १६२१ हे साल आणि बांडाच्या लोकांचं नाव त्यात आलंच पाहिजे.