कडबा, कोळसा आणि डिझेल

गंगाखेडचा जुना गाडीवान तेलाचा भाव विचारीत नसे. तो कडब्याचा भाव विचारी. ज्वारीचे कणीस माणसाचे आणि धाट बैलाचे, अशी वाटणी ठरलेली होती. जनाबाईच्या या गावाहून पंढरीला पायी निघालेला वारकरी आणि त्याच्यामागून सामानाची गाडी ओढणारे बैल, दोघांचेही बळ एकाच शेतातून येई. या इंधनात खोट मात्र एक होती, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणारे ती हटकून विसरतात. गाडी महिनाभर सुटलेली असली तरी बैलापुढे वैरण टाकावीच लागे.

निजामाच्या रेल्वेने ही वाटणी मोडली. इंजिनाचा घास तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणीतून येऊ लागला. वाफेचे इंजिन मोठे खादाड! कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम सहा-आठ भाग चाकांपर्यंत पोचत. बाकीचे धुराड्यातून आभाळात जात. १९३२ साली त्याच रेल्वेने २७ मोटारगाड्या घेऊन रस्त्यावरही प्रवासी वाहतूक सुरू केली. तिचे इंधन तर खाणीहूनही दूरचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आटले, तेव्हा देशात ठिकठिकाणी मोटारींना लोणारी कोळशाची भट्टी जोडून तिच्या वायूवर त्या चालवाव्या लागल्या.

पुढे १९७२ साल उजाडले. त्या वर्षी चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बांधणे थांबवले, आणि त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळाने कहर केला. कडबा नाही म्हणून बैल मातीमोल विकले गेले. एस.टी. मात्र धावत राहिली. डिझेलला पाऊस लागत नाही. पण हे सुख किती दिवसांचे? ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. मृगाची वाट पाहणाऱ्या गावाला आता अरबस्तानाकडेही डोळे लावावे लागले.

अलीकडे परभणी-परळी लोहमार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. धूर नाही, तेल नाही. म्हणजे आता निश्चिंती, असे कुणालाही वाटेल. पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाच्या आणि वाफेच्याच जोरावर निघते, आणि वाफेला पाणी लागते. गंगाखेडच्या शेजारचे परळीचे औष्णिक वीजकेंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्याच उन्हाळ्यात, त्याच बीड जिल्ह्यात, जनावरांसाठी चारा-छावण्या उघडल्या होत्या.