बादशहाची सुट्टी आणि आमची

यंदा होळी होते न होते तोच पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, मे महिन्यात पोरांना घेऊन कुठे जावं? परवडेल असं सांगा. आणि नुसते झोपाळे-घसरगुंड्या नकोत." महाबळेश्वर, माथेरान, गोवा ही नावे तिने खोलीभाड्याचे आकडे ऐकूनच खोडून ठेवली होती. मी म्हणालो, "धार-देवासला जा." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मे महिन्यात? माळव्यात? तिथं ऊन किती असतं, विसरलात वाटतं."

विसरलो नाही. १९९३ च्या मे महिन्यात त्याच उन्हातून मी तिला बोट धरून फिरवले होते. ती तेव्हा सात वर्षांची, धाकटा पाचाचा. मी बेळगावकडचा एक शाळामास्तर, इतिहास शिकवणारा. पगार मास्तराचा आणि हौस सरदाराची, अशी सौ.ची तक्रार. देवासला माझी आत्या होती, म्हणूनच ती सुट्टी जमली. खरे पाहता आपल्याकडे उन्हाळी सुट्टी म्हणजे प्रवासाला जाणे हा प्रकार अगदी अलीकडचा. मराठी घरांत सुट्टी म्हणजे आजोळ, मावशी, आत्या. शाळा सुटली की ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन जिथे आपले माणूस असेल तिथे जायचे. खर्च गाडीभाड्याचा. बाकीचे सारे नात्याच्या खात्यावर.

आता आपली माणसे माळव्यात गेली कशी, हे मुलांना सांगावे लागतेच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजीराव पेशव्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून गेल्या. शिंदे, होळकर, पवार ही घराणी तिकडेच रुजली. धारला पवारांची एक शाखा, देवासला दुसरी. राजे गेले म्हणजे कारकून, फडणीस, पुराणिक, मास्तर, वैद्य हेही मागोमाग गेले, आणि त्यांच्यामागे लेकीसुना. माळव्यातल्या मराठी घरांचा इतिहास लिहायचा तर लढायांइतकेच लग्नांचे हिशेब मांडावे लागतील. राजघराण्यांचेही तेच. देवास थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचे लग्न १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी झाले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. आजोळी आलेला नातू तिथल्याच गादीवर बसला म्हणायचा.

'थोरली पाती' हा शब्द ऐकून मुलीने विचारले होते, "पाती म्हणजे कांद्याची?" देवासची गंमत तिथूनच सुरू होते. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ. दोघांनी मिळून जे मिळवले त्याची पुढे वाटणी झाली आणि एकाच गावात दोन संस्थाने उभी राहिली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. हद्द गावातल्या रस्त्यावरून गेलेली. रस्त्याच्या या अंगाला एका राजाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येऊन राहिला. देवासच्या आठवणींचे त्याचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, त्यात या दुहेरी कारभाराचे वर्णन मोठ्या मिस्कीलपणे केलेले आहे.

आत्याने मुलांना बाजारात नेले आणि म्हणाली, "हा पाय इकडे ठेव, हा तिकडे. आता तू दोन राज्यांत उभा." धाकटा अर्धा तास या राज्यातून त्या राज्यात उड्या मारीत होता. हद्द नेमकी तिथूनच जात होती की आत्याने ती सोयीसाठी थोडी सरकवली, याची चौकशी मी केली नाही. सीमाभागातल्या आपल्या मुलांना हद्दीची रेघ हा खेळ नवा नाही, पण मोठी माणसे तिच्याविषयी बोलू लागली की आवाज चढतात एवढेच त्यांनी पाहिलेले असते. इथे ती हसत हसत ओलांडता येत होती. दोन्ही पात्या १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाल्या, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. त्याच दिवशी आमचे बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. आत्याचे माहेर आणि सासर दोन्ही एकाच तारखेला दुसऱ्या भाषेच्या राज्यात गेले, हे तिनेच मला बोटे मोजून दाखवले होते.

देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत, चामुंडा आणि तुळजाभवानी. गावात त्यांना बहिणी मानतात आणि थोरली माता, धाकटी माता म्हणतात. तुळजाभवानी आपली, ओळखीची. पहाटे सहाला टेकडी चढायला सुरुवात केली तर पाच वर्षांचे मूलही न कुरकुरता चढते. नवाला निघाल ते मात्र त्याला कडेवर घ्यायची तयारी ठेवून निघा. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे 'भानुकुल'. ते जाऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. आम्ही बाहेरूनच पाहिले. मुलांना गाण्यातले काय सांगणार? एवढेच सांगितले की हा मुलगा आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. गाणे शिकला मुंबईला देवधर मास्तरांकडे. क्षय झाला म्हणून १९४८ मध्ये कोरड्या हवेच्या देवासला आला. काही वर्षे गाणे बंद, नुसते पडून राहायचे, आणि पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी ऐकायची. पुढे त्या धुनांतूनच त्यांनी नवे राग बांधले. मुलीने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे ते आजारी असताना पण अभ्यास करत होते." मास्तराची मुलगी!

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. तेव्हा सरकारी बस होती, आता ती जाऊन खासगी गाड्या आल्या, पण रस्ता तोच. धार हे परमारांचे आणि राजा भोजाचे गाव. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण मुलांना पाठ असते. तिचे गाव दाखवायला काय हरकत आहे? १४०५ मध्ये दिलावरखानाने बांधलेल्या लाट मशिदीजवळ लोखंडाच्या प्रचंड स्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर आडवे ठेवलेले आहेत. सगळ्यांत मोठा तुकडाच सात मीटरांहून लांब, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभाएवढा. तिन्ही जोडले तर लांबी तेरा मीटरच्या आसपास भरते. गावातले लोक सांगतात, ही एका राक्षसीण तेलिणीच्या तराजूची दांडी. विद्वान काहीही म्हणोत, मुलांना तेलीणच पटली.

मला मात्र त्या लाटेजवळ जहांगीर आठवतो. गुजरातच्या बहादूरशहाने ती उचलून न्यायचा खटाटोप केला, त्यात ती मोडली, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात लिहितो. मग त्यालाही मोह झाला. ही आग्र्याला न्या, वडिलांच्या कबरीच्या आवारात उभी करा आणि वर दिवा लावा, असा त्याने हुकूम दिला. लाट अजून धारलाच आहे.

धारचा किल्ला लाल दगडाचा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध कंबर कसली, आणि गरोदर आनंदीबाईंनी या किल्ल्यात आसरा घेतला. इथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. ज्याच्या हातून पुढे पेशवाई गेली तो पुण्यापासून इतक्या दूर जन्मला, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचणे वेगळे आणि त्या तटाशी उभे राहून सांगणे वेगळे. किल्ल्यात खरबूज महाल आहे, घुमटाचा आकार खरबुजासारखा म्हणून हे नाव. मे महिन्यात गावभर हातगाड्यांवर खरबुजे असतात. आम्ही एक विकत घेतले, तटाच्या सावलीत बसून चिरले आणि कोणते खरबूज जास्त गोल यावर भांडलो.

धारहून मांडव, म्हणजे मांडवगड, सुमारे ३५ किलोमीटर. इथे मुलीच्या उन्हाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. मांडव पाहावे ते पावसाळ्यात, असे सगळेच सांगतात आणि ते खोटे नाही. जहांगीरही तेच म्हणे. पण मास्तराला आणि मास्तराच्या मुलांना पावसाळ्यात सुट्टी कोण देणार?

जहांगीर १६१७ च्या मार्चमध्ये मांडवला आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. निमित्त दक्षिणेतल्या मोहिमेचे. शाहजादा खुर्रम मलिक अंबरावर गेला होता. तो परतल्यावर इथेच त्याला 'शाहजहान' हा किताब मिळाला. पण बादशहाचा मुक्काम वाचताना मोहिमेपेक्षा सुट्टीच जास्त दिसते. पडक्या इमारती दुरुस्त करायला तीन लाख रुपये खर्चले. शिकारीला गेले असता नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. त्याच वेळी इंग्रज वकील सर टॉमस रो हाही मांडवात होता आणि पाणी मिळत नाही म्हणून मेटाकुटीला आला होता. बादशहाचा लवाजमा इतका मोठा की उन्हाळ्यात गडावरचे पाणी पुरेना. जे थोडे होते ते बड्यांनी अडवले. तीन लाख खर्चूनही सुट्टीत पाण्याची बोंब होतीच.

म्हणूनच मांडवगड उन्हाळ्यात पाहावा, असे माझे मत आहे. जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध, सुमारे १२० मीटर लांब. पंधराव्या शतकातल्या गियासुद्दीन खिलजीने तो बांधला असे मानतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी पार तळाला गेले होते. धाकटा हिरमुसून म्हणाला, "बाबा, जहाज चिखलात रुतलंय." पण पाणी नव्हते म्हणूनच आमचे लक्ष पाण्याच्या वाटांकडे गेले. गच्चीवरचे हौद, त्यांच्याकडे येणारे पन्हाळ, आणि दगडात कोरलेली गोगलगायीसारखी वळणावळणाची नाली. पाणी फिरत फिरत, संथ होत यावे आणि गाळ मागे राहावा, हा तिचा उद्देश सांगतात. मुलीने आपल्या बाटलीतले पाणी त्या नालीत ओतले. ते वळत वळत कसे जाते हे दोघे पालथे पडून पाहत राहिले. रखवालदार ओरडत आला. "पानी पीने का है, बेटा, गिराने का नहीं!" रागावणे बरोबर होते. पण पाचशे वर्षांपूर्वीची नाली अजून चालते, हे मुलांनी स्वतः पाहिले होते. पुढे चंपा बावडी. विहिरीला लागून खाली दगडी तळघरे, वर चाळीस अंश तापलेले असताना खाली अंगावर येणारा गारवा. उन्हाळ्याशी झगडण्यासाठी केवढी बुद्धी खर्ची पडली ते पावसाळ्यात छत्री घेऊन फिरताना कळत नाही.

रूपमतीचा मंडप आम्ही सूर्योदयाला पाहिला. तिथून नर्मदा दिसते म्हणतात. धुरकट हवेत आम्हाला दिसली नाही. बाजबहादूर १५६१ मध्ये अधमखानाकडून हरला आणि रूपमतीने विष घेतले, ही कथा मुलीला सांगितली, धाकट्याला नाही. त्याचा जीव मांडवच्या चिंचेत अडकला होता. मूळ आफ्रिकेचे हे झाड, तिकडे त्याला खुरासानी इमली म्हणतात. पिंपासारखे फुगलेले खोड आणि भोपळ्यासारखे फळ. आतला आंबट गर चोखायला पुरतो. मुक्काम धर्मशाळेत, जेवण दाल-बाफले, सकाळी पोहे-जिलेबी. दुपारी बारा ते चार पडी टाकायची. रात्री मात्र गच्चीवर चादर लागते. 'शब-ए-मालवा' उगीच म्हणत नाहीत.

परत देवासला आलो तेव्हा आत्याच्या नातवाची आणि आमच्या धाकट्याची जुंपली होती. तो म्हणे, "तुला माहीत पडलं का?" हा म्हणे, "काय करायलास तू?" आणि दोघेही दुसऱ्याचे मराठी चुकीचे म्हणून हसत होते. आमचा तक्रार घेऊन आला, "आत्याआजी, तो हिंदी-मराठी बोलतो." आत्या पोळी लाटत होती. म्हणाली, "आणि तू कानडी-मराठी बोलतोस. मला दोन्ही कळतं. बसा जेवायला."

आत्या जाऊन बरीच वर्षे झाली. घराची वाटणी झाली, वाडा गेला. तो नातू आता देवासातच नोकरीला आहे. त्याच्या मुलांचे शिक्षण इंग्रजीत, खेळणे हिंदीत. मराठी फक्त आजीशी. आमच्याकडेही तेच, फक्त हिंदीच्या जागी कानडी. मी त्याचा नंबर मुलीला दिला. ती म्हणाली, "बाबा, इतक्या वर्षांनी, ओळख ना पाळख, पोरं घेऊन कशी जाऊ? हॉटेलात उतरते, एक दिवस भेटून येते." मी म्हणालो, उतर हॉटेलात, पण एक रात्र तरी त्याच्याकडे राहा. मुलांना त्याच्या मुलांबरोबर गच्चीवर झोपव.

परवा त्याचाच फोन आला. म्हणाला, "काका, ताई येऊन राहिल्या आहेत असं माहीत पडलं. गाद्या उन्हात टाकल्या आहेत."