आमच्या घरचा टीव्ही आणि ६२५ रेषा

परवा काटोलला गेलो तर घरी टीव्ही बदलायचा विषय निघाला. भाच्याला फोर-के हवा. मला १९८२ आठवलं (म्हणजे ऐकीवच हं!). दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांपुढे हाच प्रश्न होता: चालतोय की, बदलायचा कशाला? पण तेव्हा हिशेब सरळ होता, रंग दिसणार की नाही एवढाच. चित्राच्या रेषा त्याच राहिल्या, ६२५. त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. १९८७ चं रामायण आपण तेवढ्यावरच पाहिलं.

आता फुल एचडीत १०८० ओळी, फोर-केत २१६०. पण आमच्या सोफ्यापासून टीव्ही दहा फुटांवर! तिथून ४३ इंची फुल एचडीचेही ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. मग जास्तीचे घेऊन करायचं काय?

खरी गोष्ट वेगळीच आहे. आई अधूनमधून ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट लावते. आबा चालताबोलता दिसतात ते तेवढ्यातच. त्या टेपवर तपशील जुन्या दूरदर्शनहूनही कमी. मोठ्या पडद्यावर आबा अजूनच धूसर होतील.

भाचा रुसलाय. टीव्ही दिवाळीनंतर बघू म्हटलं. आधी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, बुरशी लागायच्या आत.